टोकाची स्थानके, ब्रिटिश शाखामार्गांवरील

मुख्य लोहमार्गापासून फुटून एखाद्या गावापाशी संपणाऱ्या मार्गाला शाखामार्ग किंवा ब्रँच लाइन म्हणतात. तो जिथे संपतो ते टोकाचे स्थानक, म्हणजे टर्मिनस. १९६०च्या दशकात ब्रिटनमधली अशी शेकडो स्थानके कायमची बंद झाली. ती या नोंदीचा विषय नाहीत. येथे विचार केला आहे तो बंद होण्यापासून वाचलेल्या, पण वाचताना छाटल्या गेलेल्या स्थानकांचा. चार फलाटांच्या जागी एक फलाट, तिकीट खिडकी आणि प्रतीक्षालयाच्या जागी काचेचा आडोसा, रूळ पूर्वीपेक्षा अलीकडेच संपलेले आणि पलीकडच्या रेल्वेच्या जमिनीवर सुपरमार्केट, वाहनतळ किंवा कचेऱ्या, असे त्यांचे आजचे रूप असते. यांतली काही मुळातच टोकाची होती, उदा., विंडरमिअर, लू, फेलिक्सटो. काही मात्र वाटेवरची स्थानके होती आणि पुढचा मार्ग उखडल्यामुळे टोकाला आली. अकफील्ड, कोल्न, शेरिंगम, मॅटलॉक आणि वेल्समधील ट्रेहर्बर्ट ही त्यांची उदाहरणे.

वाफेच्या इंजिनांच्या काळात टोकाच्या स्थानकाला जागा भरपूर लागे. गाडी फलाटाला लागली की इंजिन डब्यांच्या आणि बफरच्या मध्ये अडकलेले असे. ते सोडवून थोडे पुढे न्यायचे, सांधा बदलून शेजारच्या रुळावर घ्यायचे, उभ्या डब्यांना वळसा घालून मागे आणायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे, तेव्हा कुठे परतीची गाडी तयार होई. या एका हालचालीसाठी शेजारचा रूळ, दोन-तीन सांधे, सिग्नल, ते हलवणारी केबिन आणि केबिनमध्ये पाळीपाळीने माणूस हवा. त्यात पाण्याची टाकी, मालधक्का, कोळसा व्यापाऱ्यांचे आवार आणि गुरे चढवण्याचा ओटा यांची भर पडे. गावाचा कोळसा, खत, दूध, टपाल असे सगळे या आवारातून जाई. ब्रिटनमध्ये घरोघरी छोट्या रेल्वे बांधणाऱ्या हौशी लोकांना आजही शाखामार्गाचे टोकाचे स्थानकच सर्वांत अधिक बांधावेसे वाटते, याचे कारण हेच असावे. एका टेबलावर मावेल एवढ्या जागेत रेल्वेची जवळजवळ सगळी कामे तिथे पाहायला मिळतात.

१९५०च्या दशकात दोन्ही टोकांना चालककक्ष असलेल्या डिझेल गाड्या आल्या. अशा गाडीला भारतात डेमू म्हणतात. चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला की गाडी परतायला तयार. इंजिन फिरवण्याचा रूळ निरुपयोगी झाला. मालवाहतूक रस्त्यावर गेली तसा मालधक्का ओस पडला. पुढे शाखेवर एका वेळी एकच गाडी सोडायची, असा नियम करून सिग्नल आणि केबिनही काढता आल्या. तिकिटे गार्ड गाडीतच देऊ लागला, तेव्हा स्टेशनमास्तराची गरज उरली नाही. शेवटी इमारतीचा प्रश्न आला. ती भाड्याने गेली, विकली गेली किंवा पाडली गेली. या क्रमात प्रत्येक पायरीला हिशेबाचा आधार होता आणि तो खोटा नव्हता. तिन्ही पाळ्यांत केबिन चालवण्याचा खर्च वाचला नसता, तर आज जिवंत असलेल्या कित्येक शाखा केव्हाच बंद पडल्या असत्या.

या छाटणीची पार्श्वभूमी म्हणजे बीचिंग अहवाल. आयसीआय या रसायन कंपनीतून रेल्वेच्या प्रमुखपदी आणलेल्या डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल २७ मार्च १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. देशातल्या एक तृतीयांश मार्गांवरून फक्त १ टक्का प्रवासी वाहतूक होते, असे त्यात दाखवले होते. सुमारे ५,००० मैलांच्या मार्गांवरची प्रवासी सेवा आणि २,३६३ स्थानके बंद करावीत, अशी शिफारस होती. वाहतुकीची मोजणी एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्यात झाली होती. समुद्रकाठच्या शाखांवर हा उघड अन्याय होता, कारण त्यांची खरी गर्दी जुलै-ऑगस्टची. बंदीच्या यादीत आलेल्या लू शाखेला १९६६च्या सप्टेंबरात, बंद होण्याच्या तारखेला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी वाचवले. पुढे १९६८च्या वाहतूक कायद्याने तोट्यातल्या पण समाजाला आवश्यक असलेल्या मार्गांना सरकारी अनुदान देण्याची सोय झाली.

अनुदान मिळाले म्हणून कात्री थांबली नाही, आणि इथे कायद्यातली एक फट लक्षात घ्यायला हवी. १९६२च्या कायद्याप्रमाणे एखाद्या स्थानकाची किंवा मार्गाची सगळी प्रवासी सेवा काढून घ्यायची असेल, तर जाहीर नोटीस द्यावी लागे. हरकती आल्या, तर प्रवाशांच्या सल्लागार समितीपुढे सुनावणी होई आणि निर्णय मंत्री देत. परंतु दुहेरी मार्ग एकेरी करणे, चारांतले तीन फलाट काढणे, रूळ आखूड करून आवार विकणे यांपैकी कशालाही ही प्रक्रिया लागू नव्हती. दिवसातून एखादी गाडी येत राहिली की कायद्याच्या दृष्टीने स्थानक शाबूत. कायद्याने जपली ती सेवा. ती वाढवण्याची ताकद कुणीच जपली नाही. याचे दुसरे टोक न्यूहेवन मरीन या बंदरावरच्या स्थानकात दिसले. छत धोकादायक झाल्याने २००६ मध्ये ते प्रवाशांना बंद झाले, पण रीतसर बंद करण्याची प्रक्रिया न झाल्यामुळे रिकामी गाडी तिथे जाऊन येत राहिली. कायद्याने ते बंद झाले २०२० मध्ये.

विंडरमिअर हे या साऱ्या इतिहासाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये रेल्वे येऊ नये म्हणून कवी विल्यम वर्ड्‌सवर्थ यांनी १८४४ मध्ये लेखणी चालवली होती. तरीही १८४७ मध्ये ऑक्सनहोमहून दहा मैलांची ही शाखा सुरू झाली. रूळ सरोवरापर्यंत न नेता वरच्या उतारावर, बर्थवेट नावाच्या वस्तीपाशी थांबवले गेले. स्थानकाभोवती जे गाव वाढले, त्याने सरोवराचेच नाव घेतले. म्हणजे गावाने स्थानक बांधले नाही, स्थानकाने गाव वसवले. अशा स्थानकाचे पुढे काय झाले? १९७३ मध्ये शाखा एकेरी झाली. १९८६ मध्ये एका फलाटाचे छोटे नवे स्थानक अलीकडे उभे राहिले आणि मूळ स्थानकाची जागा सुपरमार्केटला गेली; जुन्या वास्तूचा दर्शनी भाग तेवढा त्या दुकानात जिरवला आहे.

याचा परिणाम वेळापत्रकात पाहावा. शाखेवर कुठेही दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एका फेरीला वीसेक मिनिटे, दोन्ही टोकांना थोडा थांबा, परतीची वीस मिनिटे: तासाला एक गाडी, यापलीकडे जाणे अशक्य. लाखो पर्यटक ज्या भागात मोटारींनी येऊन रस्ते तुंबवतात, तिथली रेल्वे मागणी असूनही वाढू शकत नाही. २०१८च्या उन्हाळ्यात नवे वेळापत्रक कोलमडल्याने या शाखेची गाडी काही आठवडे बंदच होती. त्यातले दोन आठवडे एका पर्यटन गाड्यांच्या कंपनीने जुन्या डब्यांची गाडी चालवून प्रवाशांची सोय केली. त्या गाडीला दोन्ही टोकांना एकेक डिझेल इंजिन जोडावे लागले, कारण विंडरमिअरला इंजिन फिरवायला रूळच उरलेला नव्हता. वाटेत बर्नसाइडजवळ गाड्यांच्या ओलांडणीसाठी दुसरा रूळ टाकावा, ही तिथली मागणी याच अडचणीतून आली आहे.

ब्लॅकपूलचे नुकसान आकाराने याहून मोठे. १४ फलाटांचे सेंट्रल स्थानक अगदी ब्लॅकपूल टॉवरजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होते. बीचिंग अहवालाने बंद करायला सुचवले होते ते नॉर्थ स्थानक. प्रत्यक्षात १९६४ मध्ये बंद झाले सेंट्रल, कारण त्या जमिनीला मोल होते. त्या मार्गावरचे ब्लॅकपूल साउथ हे वाटेतले स्थानक टोकाचे झाले आणि आज तिथे एकेरी रुळाच्या शेवटी एकच फलाट आहे. मोरकम येथे १९०७चे प्रॉमनेड स्थानक १९९४ मध्ये सोडून रेल्वे शहराच्या आतल्या बाजूला एका साध्या स्थानकात सरकली. जुनी वास्तू आता नाट्य-संगीताच्या कार्यक्रमांसाठी वापरली जाते. इमारतीचे भले झाले, यात शंका नाही. समुद्रावर जायला आलेल्या माणसाला मात्र आता समुद्रापर्यंतचा शेवटचा तुकडा चालावा लागतो.

छोट्या शाखांना हीच छाटणी विशेष बाधली नाही, हेही नोंदवले पाहिजे. स्लाउहून विंडसरला जाणारी शाखा तीन मैलांचीही नाही. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाली त्या १८९७ साली तिथले स्थानक थाटाने पुन्हा बांधले होते. आता त्यात दुकाने आहेत आणि रेल्वेकडे एक फलाट. पण फेरीच सहा मिनिटांची असल्याने एकच गाडी वीस-वीस मिनिटांनी सुटू शकते. स्टूरब्रिज टाउनची शाखा तर मैलभराचीही नाही. तिथले टोक १९७९ मध्ये मागे सरकले, तरी दर दहा मिनिटांनी गाडी असते. एकेरी रुळाचे खरे दुखणे दहा-बारा मैलांच्या शाखांवर सुरू होते.

लूचे रूळ १९६८ मध्ये आखूड झाले आणि मोकळ्या जागेवर पोलीस ठाणे उभे राहिले. या शाखेवर जुन्या पद्धतीचे काम आजही जवळून पाहता येते. लिस्कार्डहून गाडी तीव्र उतार उतरून कूम जंक्शनपाशी थांबते. गार्ड खाली उतरतो, रुळांशेजारच्या छोट्या चौकटीतला दांडा ओढून सांधा बदलतो. चालक तोवर दुसऱ्या टोकाच्या कक्षात गेलेला असतो आणि गाडी आली त्याच दिशेला तोंड करून, वेगळ्या रुळावरून लूकडे निघते. परतताना हेच पुन्हा. एवढ्या थोड्या माणसांत आणि साधनांत शाखा चालते म्हणून ती आहे.

टोकाला आलेल्या वाटेवरच्या स्थानकांची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. ससेक्समधील अकफील्डहून लुइसला जाणारा सुमारे आठ मैलांचा मार्ग १९६९ मध्ये बंद झाला. लुइस गावात नवा रस्ता आखला होता. रेल्वे राहिली असती तर तिच्यावरून पूल बांधावा लागला असता. उरलेल्या मार्गाचा दक्षिण भाग १९९० मध्ये एकेरी झाला. अकफील्डचे जुने स्थानक हमरस्त्यावरच्या फाटकापलीकडे होते. गाडी फलाटात येताना दर वेळी फाटक बंद करावे लागे. १९९१ मध्ये फाटकाच्या अलीकडे नवा फलाट बांधून ते फाटकच काढून टाकले. शहरातल्या वाहतुकीला यातून आराम मिळाला, पण लुइसकडे पुन्हा जायचे तर आता तो हमरस्ता आडवा आहे. १९८६ पासून तिथले लोक मार्ग जोडून मागत आहेत. लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या मुख्य मार्गावर बिघाड झाला की पर्यायी वाट का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. २०१६ मध्ये इथले फलाट दहा डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवले, म्हणजे मार्ग मेलेला नाही हे रेल्वेनेच मान्य केले.

शेरिंगमलाही रस्ता आडवा आला. पुढचा मार्ग १९६४ मध्ये बंद झाल्यावर ब्रिटिश रेलने १९६७ च्या जानेवारीत रस्त्याच्या अलीकडे एक लहान फलाट बांधला आणि मूळ स्थानक सोडून दिले. ते स्थानक स्वयंसेवकांच्या नॉर्थ नॉरफोक रेल्वेने घेतले, रंगरंगोटी केली, वाफेच्या गाड्या सुरू केल्या. चार दशके दोन्ही रुळांची टोके रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर होती. ११ मार्च २०१० रोजी फाटक पुन्हा बसवून ती जोडली गेली. तिथून वर्षाकाठी मोजक्याच खास गाड्या जातात. तरी जोडणी शक्य झाली याचे श्रेय स्वयंसेवकांनी ती जमीन रेल्वेसाठी राखली, याला द्यावे लागते.

या सर्व उदाहरणांतून एक फरक स्पष्ट होतो. रूळ, सांधे, सिग्नल काढणे काटकसरीचे होते आणि पुष्कळदा आवश्यकही. जमीन विकणे ही मात्र अक्षम्य चूक होती. रूळ पुन्हा टाकता येतात, पण सुपरमार्केट, पोलीस ठाणे किंवा बाह्यवळण रस्ता हलवून फलाट लांबवायला कोणतीही नगरपालिका धजत नाही. जिथे जमीन राहिली तिथे मार्ग परत आला आहे. डेव्हनमधील ओकहॅम्प्टनची नियमित प्रवासी सेवा १९७२ मध्ये बंद झाली होती, पण मेल्डनच्या खाणीतली खडी नेण्यासाठी रूळ राहिले. त्यांच्याच आधारे २० नोव्हेंबर २०२१ रोजी रोजची गाडी पुन्हा धावली. लँकशरमधील कोल्नहून स्किप्टनला जाणारा साडेअकरा मैलांचा मार्ग १९७० मध्ये बंद झाला. त्याची वाट बरीचशी मोकळी असल्यामुळेच २००१ मध्ये स्थापन झालेली तिथली संघटना अजून नेटाने लढते आहे.

कॉर्नवॉलमधील फॅल्मथने तर छाटणी उलटवून दाखवली. ट्रूरोहून येणारी ही बारा मैलांची शाखा डिसेंबर १९७० मध्ये आखूड करून गाड्या शहराजवळच्या नव्या फलाटावर थांबवल्या गेल्या. सुदैवाने पुढचे रूळ आणि जागा शाबूत होती, त्यामुळे १९७५ मध्ये गोदीजवळचे मूळ टोक पुन्हा उघडले. अडचण उरली ती एकेरी रुळाची. २००९ मध्ये वाटेतल्या पेनरिन येथे ओलांडणीचा दुसरा रूळ टाकला गेला. पादचारी पुलाचा खर्च टाळण्यासाठी तिथे दुसरा फलाट न बांधता आहे तोच लांबवला. एका दिशेची गाडी त्याच्या एका अर्ध्या भागाला लागते, उलट दिशेची दुसऱ्या भागाला, आणि दोन्हींचे प्रवासी एकाच फलाटावर उतरतात. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ट्रूरो–फॅल्मथ गाडी दिवसाच्या बहुतेक वेळात दर अर्ध्या तासाने धावू लागली.