शेती शिकायला परदेशी गेलेले तिघे, आणि परतीचा प्रश्न

बीएस्सी ॲग्री करणाऱ्या कुणाशीही दहा मिनिटं बोला, वागेनिंगन, कॉर्नेल ही नावं निघतातच. मग आयईएलटीएस, स्कॉलरशिप, एज्युकेशन लोन. जायचं कसं, याची माहिती भरपूर आहे. आज आपण दुसरी बाजू बघूया. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे शेती शिकायला गेले, त्यांना परत आल्यावर काय मिळालं?

सुरुवात बंगालपासून. १८८० च्या दशकात हुशार पदवीधरांना सरकारी स्कॉलरशिपवर शेती शिकायला इंग्लंडला पाठवत असत. सायरन्सेस्टरचं रॉयल ॲग्रिकल्चरल कॉलेज तेव्हा नावाजलेलं होतं. द्विजेंद्रलाल राय, म्हणजे पुढे बंगालीतले मोठे नाटककार आणि कवी झाले तेच, १८८४ साली असेच गेले. १८८६ मध्ये परतले. आणि सरकारने काम कुठलं दिलं? जमीनमोजणी, साऱ्याची आकारणी आणि डेप्युटी मॅजिस्ट्रेटची खुर्ची. शिकलेल्या शेतीचा संबंध उरला तो रयतेच्या हक्कांवरून वरच्या साहेबांशी झालेल्या भांडणापुरता. सरकारने स्कॉलरशिपचा खर्च केला, पण शिकून आलेल्या माणसासाठी शेतीतली जागाच तयार केली नव्हती.

नंतरच्या पिढीने अमेरिका धरली. तिथे १८६२ साली लिंकनच्या काळात मॉरिल कायदा झाला होता. केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. (त्या जमिनी मुळात तिथल्या आदिवासी जमातींच्या. तो एक स्वतंत्र भाग होईल.) फी कमी आणि सुट्टीत मळ्यावर मजुरी करून पोट भरायची सोय. शिवाय इंग्रजांच्या नजरेपासून जरा लांब.

१९०६ साली रवींद्रनाथ टागोरांनी मुलगा रथींद्रनाथ याला इलिनॉय विद्यापीठात शेती शिकायला पाठवलं. तो १९०९ मध्ये परतला. त्याला नोकरी शोधावी लागली नाही, कारण शिलाईदहला घरची जमीनदारीच होती. अमेरिकन मक्याचं बियाणं, नवी अवजारं, मातीपरीक्षणाची छोटी प्रयोगशाळा, सगळं तिथे सुरू केलं. पण वडिलांकडे इस्टेट असणारे विद्यार्थी असे किती असणार?

आता आपला माणूस. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० चा दुष्काळ मध्यप्रांताने सोसला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. ते देशाबाहेर पडले ते खरं म्हणजे लष्करी शिक्षणासाठी. टिळकांना मानणारे होते. जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले, कॅलिफोर्नियातल्या लष्करी अकादमीत शिकले आणि सोबत शेतीचंही शिक्षण घेतलं, ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत. गदर चळवळीच्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध लढले. साहजिकच मायदेशाचा दरवाजा बंद झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर अकाउंट कायमचं ब्लॉक.

मग १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथे क्रांती होऊन गेली होती आणि मोठ्या जमीनदारांच्या हासिएंदा फोडून जमिनी गावांना वाटल्या जात होत्या. चापिंगोची राष्ट्रीय कृषी शाळासुद्धा अशाच एका जुन्या हासिएंदात भरायची. तिचं ब्रीदवाक्य असं, की शोषण जमिनीचं करायला शिकवा, माणसाचं नाही. दिएगो रिवेरा तिथल्या चॅपलच्या भिंती रंगवत होता त्याच काळात हा वर्ध्याचा माणूस तिथे प्राध्यापक होता.

इथे मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं. मक्याच्या आणि गव्हाच्या जाती सुधारणं, दुष्काळात आणि थंडीत टिकणारं वाण शोधणं हे काम तर त्यांनी केलंच. मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते याच्याशी मक्याचा संकरही करून पाहिला. पण नुकती जमीन मिळालेला शेतकरी चापिंगोला शिकायला कसा येणार? म्हणून त्यांनी गावातच मोफत शेतीशाळा काढल्या. रिवेराची साथ होती आणि तीना मोदोत्ती या नावाजलेल्या छायाचित्रकार बाईने त्यांच्या मक्याचे फोटो काढले.

पुढे १९४० च्या दशकात बोरलॉग मेक्सिकोत आले आणि १९६६ मध्ये भारताने तिथून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. इथे खानखोजेंपासून हरित क्रांतीपर्यंत थेट रेघ ओढायचा मोह होतो. ती ओढू नये. तो गहू वेगळ्या कार्यक्रमातून आला, आणि खानखोजेंचं काम त्या श्रेयाशिवायही पुरेसं मोठं आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४९ च्या सुमाराला त्यांनी भारतात यायचं ठरवलं, तर व्हिसा नाकारला गेला. इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव स्वतंत्र भारताच्या सरकारने अजून काढलं नव्हतं! नंतर तो निर्णय फिरवला गेला. ते नागपूरला आले, राजकारणातही उतरले आणि २२ जानेवारी १९६७ ला वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा बसला २०२२ साली.

पुढच्या भागात १९६० चं पंतनगर, आणि रथींद्रनाथ शिकले तेच इलिनॉय विद्यापीठ तिथे कसं येऊन पोचलं, ते बघूया.