बोटीवरची रेघ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घारापुरी दाखवायला घेऊन गेलो. गेटवेच्या पायऱ्यांवर ही गर्दी! लाँच धक्क्याला लागली तशी धाकटी मला म्हणाली, "आजोबा, या बोटीवर आकडा कसला लिहिलाय?" मी पाहिले. किती प्रवासी घ्यायचे तो आकडा होता. आयुष्यात मी शेकडो वेळा लाँचमध्ये चढलो असेन. पण खरे सांगतो, तो आकडा त्या दिवसापर्यंत मी कधी वाचला नव्हता.

मी मूळचा अलिबागकडचा. आषाढी अमावास्येच्या सुमारास बोटीत पाय ठेवायचा नाही, असा आमच्या घरी दंडक होता. लहानपणी मला तो अमावास्येचा सोवळेपणा वाटे. पुढे कळले की त्याच्यामागे 'रामदास' होती.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि आषाढी अमावास्या तोंडावर होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' आगबोट रेवसला निघाली. सणाला घरी निघालेली माणसे, बाजारहाट करून परतणारी माणसे, असे सारे आमच्याच मुलखातले लोक तिच्यावर होते. काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेने बोट कलली, माणसे घाबरून एका बाजूला लोटली आणि पाहता पाहता बोट उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते; त्यामुळे मुंबईच्या इतक्या जवळ बुडूनही तिची हाक मुंबईला ऐकू गेली नाही. जी माणसे वाचली त्यातली कितीतरी रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतली. आमच्या आळीत त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली नाही, असे आई सांगे.

या अपघातानंतर बोटींवर बिनतारी यंत्राची सक्ती झाली आणि पावसाळ्यातल्या वाहतुकीला निर्बंध आले. आजही गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. सहल हुकली म्हणून आपण कुरकुरतो. पण तो नियम कशातून आला हे आपल्याला ठाऊक नसते.

'रामदास' काही पहिली नव्हे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, दिवाळी उरकून लाभपंचमीच्या दिवशी, कच्छच्या मांडवीहून 'वैतरणा' नावाची आगबोट मुंबईकडे निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला कौतुकाने 'वीजळी' म्हणत. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थीही होते, असे सांगतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यानजीक वादळात ती सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. चौकशीत निष्पन्न झाले ते हे की, जीव वाचवणाऱ्या होड्या आणि जाकिटे तिच्यावर पुरेशी नव्हती. दिव्यांचा झगमगाट साऱ्यांनी पाहिला. होड्या कोणी मोजल्या नाहीत.

मग होड्या आणि जाकिटे ठेवली की झाले, असे कोणी म्हणेल. त्याला मी न्यूयॉर्कची गोष्ट सांगतो. १५ जून १९०४ रोजी 'जनरल स्लोकम' ही बोट तिथल्या एका चर्चच्या मंडळींना वनभोजनाला घेऊन निघाली. बहुतेक बायका आणि मुले होती. वाटेत बोटीला आग लागली. बोटीवर जाकिटे होती, आणि काही आठवड्यांपूर्वीच सरकारी निरीक्षकाने बोट तपासून 'ठीक' असा शेराही मारला होता. पण जाकिटे होती तेरा वर्षांची; त्यांचे कापड कुजलेले, आतल्या बुचाचा भुगा झालेला. आयांनी ती मुलांना बांधून पाण्यात सोडली आणि मुले दगडासारखी तळाला गेली. हजारावर माणसे त्या सहलीतून परतली नाहीत. नियम होता, तपासणी होती, शिक्का होता. फक्त कोणी जाकीट हातात धरून ओढून पाहिले नव्हते.

म्हणूनच सॅम्युएल प्लिमसॉल या गृहस्थाबद्दल मला फार आदर वाटतो. हा इंग्लंडातला कोळशाचा व्यापारी, पुढे पार्लमेंटचा सभासद झाला. त्या काळी जुनी जहाजे भरमसाट लादून, त्यांचा भक्कम विमा उतरवून मालक ती समुद्रात लोटीत. बुडाले तरी मालकाचे नुकसान नाही. बुडत ते खलाशी. अशा जहाजांना लोक शवपेट्या म्हणत. १८७५ साली या संबंधीचे विधेयक सरकारने बाजूला ठेवताच प्लिमसॉल सभागृहात असा भडकला की त्याने सभासदांना खलपुरुष म्हटले. पुढे त्याला माफी मागावी लागली. पण लोकमत त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १८७६ मध्ये कायदा झाला. जहाजाच्या अंगावर एक रेघ ओढायची. ती पाण्याखाली जाईल इतके ओझे भरायचे नाही. गंमत अशी की ती रेघ कुठे ओढायची हे सुरुवातीला मालकावरच सोपवले होते! ती पळवाट बुजायला १८९० साल उजाडावे लागले.

या रेघेतली खरी हुशारी अशी की ती कचेरीच्या दप्तरात नसते. जहाजाच्या बाहेरच्या अंगावर असते. धक्क्यावरच्या हमालालाही ती वाचता येते. लाँचवरचा तो आकडा म्हणजे आपल्यासारख्या सहलवाल्यांसाठी ओढलेली प्लिमसॉलची रेघच होय.

१८ डिसेंबर २०२४ रोजी 'नीलकमल' ही लाँच गेटवेहून घारापुरीला निघाली होती. इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून तिच्यावर आदळली आणि पंधरा माणसे दगावली. टक्कर झाली त्यात लाँचवरच्या प्रवाशांचा काही अपराध नव्हता. पण लाँचला परवाना होता चौऱ्याऐंशी प्रवाशांचा आणि सहा खलाशांचा, आणि वर माणसे होती शंभराहून अधिक. अपघातानंतर लगेच प्रवाशांना जाकिटांची सक्ती झाली. १८८८ साली जाकिटे पुरेशी नव्हती म्हणून आपण हळहळलो होतो. १३६ वर्षांनी पुन्हा जाकिटांपाशीच आलो.

आता एक कबुली देतो. ऐन तारुण्यात एकदा सणाच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटची लाँच पकडायला धावत आलो. ती ठासून भरलेली होती आणि तांडेल मान हलवून नाही म्हणत होता. मी आणि माझ्यासारखे आणखी आठदहा जण त्याच्या गळी पडलो. "घ्या हो मामा, दहा माणसांनी काय होतंय? सणाला घरी नको का जायला?" बिचाऱ्याने घेतले. समुद्र त्या दिवशी शांत होता म्हणून हे लिहायला मी उरलो आहे. आकड्यापलीकडची माणसे मालक लोभाने भरतो हे खरे. पण त्या लोभाला भाडे आपणच देतो, आणि वर आग्रहही आपलाच असतो. धक्क्यावर 'नाही' म्हणणाऱ्या तांडेलाच्या पाठीशी चार प्रवासी उभे राहिले, तर कायद्याचे निम्मे काम तिथेच होईल.

तर त्या दिवशी गेटवेवर नातीने डोकी मोजायला सुरुवात केली. आमची पाळी येईतो आकडा पुरा झाला होता. "या, या, चारच माणसं तर आहात, बसाल आरामात!" असे वरून कोणीतरी म्हणाले. पाय उचलला गेला होता, खोटे का बोला! इतक्यात नात म्हणाली, "आजोबा, भरले ना?"

आम्ही पुढच्या लाँचची वाट पाहिली. अर्धा तास गेला. तेवढ्यात चकल्यांचा डबा मात्र तिथेच, पायऱ्यांवर संपला. पुढल्या लाँचमध्ये बसल्यावर मी जाकिटाचा बंद दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहिला. पक्का होता. मगच तो नातीला बांधला.