डेटा साफ करायला लागलेली चार वर्षं

शेअर बाजाराच्या डेटावर इंटर्नशिप मिळाली की डोळ्यांसमोर मोठमोठी मॉडेल्स येतात. पहिल्या दिवशी हातात पडते ती मात्र एक एक्सेल फाइल, आणि सोबत सूचना: "हे जरा साफ करून दे." दोन महिने तेच चालतं. मग तुम्हाला वाटतं, यात संशोधन कुठे आहे? मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून आज एका डेटा फाइलचाच इतिहास सांगते.

गोष्ट 1960 सालची, शिकागो विद्यापीठातली. मेरिल लिंच या दलाली करणाऱ्या कंपनीचा प्रश्न साधा होता: सामान्य माणसाने शेअर्समध्ये पैसे ठेवले, तर लांबच्या मुदतीत त्याला नेमकं किती मिळतं? प्राध्यापक जेम्स लॉरी यांनी काम हाती घेतलं, कंपनीने पैसे दिले आणि सीआरएसपी हे केंद्र सुरू झालं. लॉरेन्स फिशर त्यांच्या जोडीला होते. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजवरच्या सगळ्या समभागांच्या जानेवारी 1926 पासूनच्या महिनाअखेरच्या किमती गोळा करायच्या होत्या. उत्तर छापून यायला 1964 उजाडलं.

इतका वेळ का? कारण नुसती किंमत फसवते. समजा, 1000 रुपयांच्या एका शेअरचे दोन केले. दुसऱ्या दिवशी भाव 500 दिसतो, पण गुंतवणूकदाराचा एक रुपयाही गेलेला नसतो. लाभांश धरला नाही, तर परतावा कमी दिसतो. आणि बुडालेल्या कंपन्या गाळल्या, तर बाजार आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. फिशर आणि लॉरी यांना हे सगळं प्रत्येक कंपनीसाठी जुळवावं लागलं. शेवटी उत्तर आलं: 1926 ते 1960 या काळात, लाभांश पुन्हा गुंतवला आणि कर धरला नाही, तर वर्षाला सुमारे 9 टक्के. यात 1929 ची पडझडही आली.

खरी गंमत पुढे आहे. शेअरचं विभाजन ही साफसफाईतली डोकेदुखी. 1969 मध्ये फामा, फिशर, जेन्सन आणि रोल यांनी तिलाच प्रश्न बनवलं. 940 विभाजनं तपासली. भाव सरासरीने विभाजनाच्या आधीच चढलेले दिसले. विभाजनानंतर वेगळी अशी कमाई उरत नव्हती. एखाद्या घटनेभोवती भाव कसे हलतात हे मोजायची ही पद्धत आजही वापरली जाते. यूजीन फामांना 2013 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता माझी चूक. इंटर्नशिपमध्ये एका शेअरचा भाव एका दिवसात निम्मा झालेला दिसला. विज्ञानाची सवय, म्हटलं, हा आउटलायर. ओळ उडवली आणि पुढे गेले. महिन्याभराने कुणीतरी विचारलं, "ही तारीख कुठे गेली?" मला सांगता येईना, कारण नोंदच ठेवली नव्हती. ते विभाजन होतं. त्याआधीचे सगळे भाव दुप्पट राहिले होते आणि माझे सगळे आलेख चुकले होते. तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सेन्सेक्स 1 जानेवारी 1986 पासून प्रसिद्ध होऊ लागला. पाया 1978-79 चा, 100 अंकांचा. त्यातल्या 30 कंपन्यांची यादी वेळोवेळी बदलत आली आहे. आजची यादी घेऊन मागचा आलेख काढलात, तर तो फक्त टिकलेल्यांचा आलेख होईल.

त्यामुळे पहिल्याच दिवशी एक वेगळी फाइल उघडा. कुठली ओळ बदलली, का बदलली आणि पुरावा काय, एवढं लिहा. ओळ उडवण्याआधी त्या तारखेला कंपनीने काय जाहीर केलं होतं ते शोधा. तुमचा प्रबंधाचा विषय कदाचित तिथेच सापडेल.