पिंगुळीची चित्रं : कागद जपला, गाणं सोडलं

सिंधुदुर्गातली कला म्हटली की आपल्याला दशावतार आठवतो. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर आदिवासींची चित्रकथी आठवलीच, तर 'सुंदर चित्रं' म्हणून. आमचं म्हणणं असं, की ती नुसती चित्रं नव्हेतच.

चित्रकथी पोथी मांडून बसतो. वीणा, हुडुक आणि टाळ यांच्या साथीनं गातो, आणि गाणं पुढं सरकलं की पान उलटतो. ज्या घरांत चित्रकलेची शाळा पोचली नाही, तिथं हात बापाचा बघून शिकला आणि ओवी कानानं. चित्रातला माणूस गप्प आहे, कारण त्याचं बोलणं गाणाऱ्याच्या गळ्यात आहे. गाणं काढून घेतलं की उरतो तो अर्धा कागद. संग्रहालयांनी नेमकं हेच केलं. पोथ्यांची पानं 'पैठण शैली' या नावाखाली काचेआड गेली, गाणारा बाहेरच राहिला. बहुतेक पानांवर रंगवणाऱ्याचं नावही नाही.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, ती तर रामायण-महाभारताची गाणी, आपला काय संबंध? संबंध आहे. चित्र दाखवून गाणारे भटके श्रमण काळापासून आहेत. आजीवक मक्खली गोसाल बुद्धांचा समकालीन. त्याचा बाप 'मंख', म्हणजे चित्र दाखवत फिरणारा, असं जैन आगम सांगतात. संयुक्त निकायात बुद्धांनी भिक्खूंना 'चरण' नावाच्या चित्राचा दाखला दिला आहे : ते चित्र चित्तानंच कल्पिलं, आणि चित्त त्याहूनही विविधरंगी आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त चित्रकथक येतो. पुढं सावंतवाडी संस्थानानं या कलेला आश्रय दिला आणि विषय देवळाला रुचणारे राहिले. आश्रय देणाराच कथा ठरवतो, हे काय आपल्याला नव्यानं सांगायचं?

पण 'वारसा जपा' म्हणत ठाकराच्या पोरानं चित्रंच काढावीत, हा आग्रह आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी 1936 साली जातीला श्रमिकांची विभागणी म्हटलं ते याचसाठी. त्या पोराला इंजिनिअर व्हायचं असेल तर?

तिथं दाखला आडवा येतो. ठाकर जमातीवरचं क्षेत्रबंधन 1976 च्या कायद्यानं उठलं, तरी वैधतेचे दावे कोर्टात जातच राहिले. 'आप्तभाव चाचणी'त चालीरीती, देव, बोली विचारतात. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. संविधानापूर्वीच्या जुन्या कागदांचं वजन सर्वांत जास्त.

2021 मध्ये परशुराम आत्माराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी पिंगुळीत 'ठाकर आदिवासी कला आंगण' उभारलं, ओवी आणि चित्र एकाच छताखाली ठेवलं. आम्हाला आनंद झालाच. मात्र समितीला नावाचा जुना कागद हवा असतो, आणि पिंगुळीच्या जुन्या कागदांवर नाव आहे ते रामाचं, पांडवांचं.