गेंटचे वेदीचित्र: मूळ रंग आणि नंतरचे लेपन

बेल्जियममधील गेंटच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये १४३२ साली प्रस्थापित झालेले वेदीचित्र, म्हणजे प्रार्थनावेदीच्या मागे उभारण्यासाठी ओकच्या फळ्यांवर रंगवलेला चित्रसमूह, कर्तृत्वनिश्चितीच्या वादांत सतत अडकलेले आहे. चौकटीवरील लॅटिन चौपदी लेखानुसार हे काम हुबर्ट व्हॅन आइक याने आरंभले आणि भाऊ यान याने तडीस नेले. परंतु हुबर्ट १४२६ मध्येच वारलेला आणि त्याच्या हातचे निर्विवाद असे दुसरे चित्र उपलब्ध नसल्यामुळे १९३३ मध्ये एमिल रेंडर्स यांनी लेख बनावट ठरवून या चित्रकाराचे अस्तित्वच नाकारले. २०१२ पासूनच्या संवर्धनकार्यात मात्र चौकटींवरील नंतरचे थर दूर झाल्यावर तो लेख मूळ रंगकामाचाच भाग असल्याचे तज्ज्ञांचे मत झाले.

स्थितीपरीक्षण, म्हणजे मूळ रंगाचे किती शिल्लक आहे याचा शोध, कर्तृत्वाआधी का यावे लागते, हे मध्यवर्ती कोकरू फार ठळकपणे दाखवते. ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक असलेल्या या कोकराचा चेहरा सोळाव्या शतकात पुन्हा रंगवला गेला होता आणि १९५०-५१ च्या सफाईत मूळ कान उघडे पडल्याने त्याला चार कान दिसू लागले. वरचे लेपन अलीकडे काढल्यावर समोर रोखून पाहणारे, जवळजवळ मानवी डोळे प्रकट झाले; शतकानुशतके व्हॅन आइक यांच्या शैलीविषयी केलेली कित्येक विधाने वस्तुतः दुसऱ्याच हाताविषयीची होती, ही बाब अभ्यासकांनी गंभीरपणे घेतली पाहिजे. हुबर्टचा नेमका वाटा कोणता, हा प्रश्न अजूनही खुला आहे.