कोकणात ३७ अंशांना उष्णतेची लाट, मग केडगावात का नाही?

मार्च लागला की कोकणातल्या उष्णतेच्या लाटेचे इशारे व्हॉट्सॲपवर फिरतात. अहिल्यानगरच्या केडगावला ते लागू नसतात. आपला जिल्हा हवामान खात्याच्या ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात येतो. निकषही वेगळे. कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढून किनाऱ्यावर ३७ झाले तरी लाट. मैदानी भागात ४० गाठावे लागते. समुद्रामुळे कोकणात पारा सहसा कमी असतो, आणि दमट हवेत घाम वाळत नसल्याने थोडी वाढही जाचते. पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले की समुद्रवारा उशिरा येतो, म्हणून मुंबई मार्चमध्येच पोळते.

केडगावात ३९ अंशांना लाट जाहीर होणार नाही. पण उन्हात कांदा काढणाऱ्याला ऊन लागायचे थांबत नाही. फेब्रुवारीअखेर येणारा मार्च ते मेचा अंदाज फक्त कल सांगतो. कामाची वेळ ठरवायला जिल्ह्याचा रोजचा इशाराच पाहा.