फ्रीज घ्यायचाय, साल १८३४

"अरे, पण माझं इन्सुलिन कुठे ठेवणार?"

बाबांनी एवढा एकच प्रश्न विचारला आणि माझं तीन आठवड्यांचं प्लॅनिंग आडवं झालं.

त्याचं असं झालं, की बाबांना नर्मदा परिक्रमा करायची होती. पायी नाही, गाडीने. वय ७४, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला, पण इच्छा पक्की. माझ्या एका मित्राने जुन्या ट्रॅव्हलरमध्ये दोन बेड, वर एक सोलर पॅनेल आणि आत १०० अँपिअर-अवरची बॅटरी टाकून चालतंफिरतं घर केलंय. ती गाडी सोळा दिवसांसाठी मिळाली. मार्च महिना. मी नकाशे, मुक्काम, डिझेल सगळं एक्सेल शीटमध्ये घातलं होतं. फक्त फ्रीजची ओळ नव्हती.

वापरात असलेलं पेन काही आठवडे बाहेर चालतं, तेही फार उकाडा नसेल तर. पण जादाची, न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांतच हवीत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पारा सहज चाळिशी ओलांडतो. दुसरीकडे, इन्सुलिन एकदा गोठलं की ते फेकूनच द्यायचं. म्हणजे रिक्वायरमेंट एका ओळीची: २ ते ८, रात्रंदिवस, बॅटरीवर.

मी काय केलं? तेच, जे आपण सगळे करतो. स्वस्त आणि मस्त दिसणारा एक डबा ऑनलाइन मागवला. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा, आवाज नाही, वजन चार किलो. बाल्कनीत टेस्ट घेतली. बाहेर ३७, आत सहा तासांनंतर १८. थर्मामीटर बदलून पाहिला. परत १८.

"इंजिनिअर ना तू?" बाबा म्हणाले. "माठात ठेवलं असतंस तरी एवढं गार झालं असतं."

डबा परत केला. पण तो असा का वागला, हे शोधायला बसलो आणि नेहमीप्रमाणे शनिवार-रविवार त्यातच गेला. गंमत म्हणजे बाजारात आज जे पर्याय दिसतात, त्यातले तीन घेऊन बसलं की आपण एकाच सालात जाऊन पोचतो. १८३४.

पहिला पर्याय, माझा फसलेला डबा. १८३४ साली फ्रान्समध्ये जाँ शार्ल पेल्टिए या माणसाने, जो आधी घड्याळं बनवायचा, एक गोष्ट पाहिली. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज सोडली की एक जोड गरम होतो, दुसरा गार. पंप नाही, वायू नाही, हलणारा भाग नाही. पण धातूंमध्ये हा परिणाम इतका किरकोळ की शंभरेक वर्षं त्याचं कुणी काही केलं नाही. १९५० च्या दशकात बिस्मथ टेल्युराइडसारखे सेमीकंडक्टर आले तेव्हा कुठे त्यातून उपयोगी वस्तू बनू लागल्या. तरी मूळ दुखणं राहिलंच. एक बाजू गार, दुसरी गरम, आणि दोघींमध्ये जेमतेम काही मिलिमीटर. एकीकडे उष्णता उपसायची आणि दुसरीकडून ती परत झिरपायची. म्हणून असे डबे बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंश खाली जातात आणि थांबतात. पुण्याच्या थंडीत ठीक. बडवानीच्या मार्चमध्ये १८ म्हणजे १८. शिवाय तो सतत साडेचार अँपिअर खातो. दिवसाला १०८. माझी बॅटरी १०० ची!

दुसरा पर्याय, आपल्या घरातल्या फ्रीजचा. १८३४ मध्येच लंडनमध्ये राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकन माणसाने पेटंट घेतलं. इथरची वाफ करा, ती उष्णता ओढून घेईल. ती वाफ दाबून परत द्रव करा, ती उष्णता बाहेर सोडेल. तेच इथर पुन्हा पुन्हा फिरवा. आजचा कॉम्प्रेसर फ्रीज म्हणजे मुळात हेच. पण पर्किन्सच्या हाती धंदा लागला नाही. कारण तिसरा पर्याय स्वस्त होता.

तिसरा पर्याय म्हणजे चक्क बर्फ. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर तिथल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजाने विकायचा. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. विषुववृत्त दोनदा ओलांडून, विजेशिवाय, सुमारे १०० टन शिल्लक होता! पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३४ मध्ये, बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि नंतर बऱ्याच जणांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. खरंखोटं सर्दीलाच माहीत.

ट्यूडरकडे मशीन कसलंच नव्हतं. त्याची अक्कल होती पेटीत. भुसा, गवत, झाडाची साल असं जे हवा धरून ठेवतं, ते बर्फाभोवती दाबून भरायचं. थंडी तयार करणं निसर्गाचं काम, ती राखणं याचं.

इथे माझी ट्यूब पेटली. मी फ्रीज निवडताना मशीनकडे बघत होतो. बघायला हवं होतं भिंतीकडे.

पण आधी चौथ्या भिडूला न्याय द्यायला हवा, कारण बाबांच्या औषधाशी त्याचं वर्ष जुळतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याच साली स्टॉकहोममध्ये बाल्तसार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ज्योतीवर चालणारा फ्रीज शोधला. हो, खाली आग आणि वर गारवा. आत असतात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. आच दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर जातो आणि द्रव होतो. मग तो हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरतो. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि मार्चमध्ये तासात वाळतात ना? अमोनियासाठी हायड्रोजन म्हणजे मार्चची कोरडी हवा. तो भराभर उडतो आणि आजूबाजूची उष्णता घेऊन जातो. पुढे पाणी त्याला परत शोषून घेतं. इलेक्ट्रोलक्सने हे हक्क घेऊन १९२५ पासून असे फ्रीज विकले. त्याच दशकात आइनस्टाइन आणि झिलार्ड यांनीही हलता भाग नसलेल्या फ्रीजवर डोकं लावलं आणि १९३० मध्ये अमेरिकन पेटंट मिळवलं. स्वयंपाकघरात मात्र तो कधी आलाच नाही.

परदेशातल्या कॅम्पर व्हॅनमध्ये वर्षानुवर्षं हाच ज्योतीवाला फ्रीज असायचा. फोक्सवॅगनच्या १९८० च्या दशकातल्या वेस्टफालिया गाड्यांमध्ये तो गॅस, गाडीची बॅटरी आणि घरची वीज, तिन्हींवर चालायचा. पण त्यातले द्रव आपल्या वजनानेच वाहतात. गाडी तिरकी उभी राहिली की गाडं अडलं. गॅस बंद करून बॅटरीवर टाकला तर तो पेल्टिए डब्यापेक्षाही खादाड. आणि बाबा झोपलेत त्या गाडीत रात्रभर ज्योत पेटती ठेवायला माझं मन धजेना.

म्हणजे उरला पर्किन्स. कॉम्प्रेसरची अडचण अशी, की घरगुती फ्रीजची मोटर सुरू होताना एकदम मोठा झटका घेते. डॅनफॉस या डॅनिश कंपनीने बोटी आणि ट्रकसाठी थेट बॅटरीवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर काढले. त्यात मोटरशेजारी एक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. तो मोटर हळूच सुरू करतो, वेग ठरवतो, आणि बॅटरी फार उतरली तर स्वतःहून बंद होतो. (हा धंदा २०१० पासून सेकॉप नावाने चालतो.) थोडक्यात, १८३४ च्या आयडियाला आपल्या लोकांनी फर्मवेअर लिहून दिलं. ऐकून उगाच कॉलर ताठ झाली.

मी घेतला ३५ लिटरचा, जाड भिंतीचा, वरून उघडणारा. वरून यासाठी, की गार हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती सांडत नाही. चालू असताना सुमारे ४० वॅट, पण दिवसातला एक तृतीयांश वेळच चालतो. हिशेब केला तर दिवसाला २७ अँपिअर-अवर. बॅटरी एकटी तीन दिवस पुरते, वर सोलर. बाल्कनीत चार दिवस टेस्ट. पारा ५ वर.

आणि तरीही एक चूक राहिली होती. निघायच्या आदल्या रात्री थर्मामीटर तळाला, भिंतीला टेकवून ठेवला. उणे १! मधोमध ५ आणि भिंतीशी गोठण. मी गरमीला घाबरत होतो आणि इन्सुलिन थंडीने मेलं असतं. पेनं प्लास्टिकच्या डब्यात घातली, डबा नॅपकिनमध्ये गुंडाळून वरच्या जाळीत ठेवला. भुश्याऐवजी नॅपकिन, एवढाच फरक.

ओंकारेश्वरहून निघालो तेव्हा बाबांनी सीटमागे एक माठ दोरीने आवळून बांधला होता. मी वैतागलो. "बाबा, फ्रीज आहे ना आता! फुटेल तो."

"फ्रीज औषधाला," ते म्हणाले. "पाण्यासाठी सारखं झाकण उघडलंस तर तुझी बॅटरी टिकेल का?"

बरोबर होतं. सोळा दिवस फ्रीज दिवसातून दोनदाच उघडला. अमरकंटकला पोचलो तेव्हा बॅटरी ८० टक्के होती. शेवटचं पेन परत पुण्याला आलं, ५ अंशांवर.

माठाचं पेटंट मात्र कुणाच्याच नावावर नाही.